डिफॉल्ट मुद्रण-सेटिंग, शब्दसंस्करणातील

डिफॉल्ट मुद्रण-सेटिंग, शब्दसंस्करणातील : वापरणाऱ्याने वेगळे काही न निवडल्यास मजकूर कोणत्या मापाच्या कागदावर, किती समास सोडून, कोणत्या प्रिंटरवर व कशा रीतीने छापला जावा, याची आधीच ठरलेली निवड. ती दस्तऐवज, टेम्प्लेट आणि प्रिंटरचा ड्रायव्हर अशा तीन ठिकाणी विभागलेली असते. कोणती सेटिंग कोठे राहते हे ओळखणे, हाच तिच्या व्यवस्थापनाचा पाया होय.

दस्तऐवज व टेम्प्लेट : कागदाचे माप, समास आणि उभी-आडवी मांडणी दस्तऐवजातच साठवली जाते. नव्या दस्तऐवजाला ती टेम्प्लेटकडून मिळते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 2007 च्या आवृत्तीपासून या टेम्प्लेटचे नाव ‘नॉर्मल.डॉटएम’ असे आहे. ‘पेज सेटअप’ चौकटीत हवी ती मापे भरून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबले, की ती टेम्प्लेटमध्ये उतरतात. पुढचे नवे दस्तऐवज त्यांप्रमाणे उघडतात. जुन्यांत मात्र काहीही बदलत नाही. टेम्प्लेटची ही फाइल काढून टाकल्यास वर्ड पुढच्या वेळी मूळ मापांची नवी फाइल तयार करते. लिबरऑफिस रायटरमध्ये पानाची मापे पृष्ठशैलीत असतात. तयार टेम्प्लेट डिफॉल्ट म्हणून नेमता येते.

कागदाचे माप : ए4 कागद 210 × 297 मिमी., तर अमेरिकेत रूढ असलेला लेटर कागद सुमारे 216 × 279 मिमी. असतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असली, की नवा दस्तऐवज अनेकदा लेटर मापाचा उघडतो आणि ट्रेमध्ये ए4 असल्यास प्रिंटर लेटर कागद मागत थांबू शकतो. वर्डमध्ये मजकूर या दोन मापांत जुळवून छापण्याचा पर्याय आहे, पण टेम्प्लेटमध्येच ए4 नोंदवणे हा खरा उपाय.

ड्रायव्हर : दोन्ही बाजूंची छपाई, रंगीत की काळी, कागदाचा ट्रे व छपाईचा दर्जा हे ड्रायव्हर ठरवतो. वर्डच्या प्रिंट चौकटीतील असे बदल बहुधा तेवढ्यापुरतेच टिकतात. ते कायम करायचे तर विंडोजमध्ये ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ ही सेटिंग बदलावी लागते. ती सेटिंग त्या वापरकर्त्यापुरती असते. ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ सर्व वापरकर्त्यांसाठी असते आणि ती बदलण्यास प्रशासकाचे अधिकार लागतात. विंडोज 10 व 11 मध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच सांभाळावा हा पर्याय चालू असल्यास शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. अनेक प्रिंटर असलेल्या कार्यालयात हा पर्याय बंद ठेवणे इष्ट.

कार्यालयीन उपयोग : ठरावीक नमुन्याचे कागद वारंवार छापणाऱ्यांना हे विभाजन जाणणे उपयुक्त ठरते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी ए4 कागद, दोन्ही बाजूंची छपाई आणि डावी-उजवीकडे 4 सेंमी. समास ठरवून दिला. यांतील माप व समास टेम्प्लेटमध्ये, तर दोन्ही बाजूंची छपाई ड्रायव्हरमध्ये नोंदवावी लागते.

दुसऱ्या संगणकावर : फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेल्यास तेथे मजकुरात वापरलेला मराठी टंक नसला, तर ओळी सरकतात आणि पाने वेगळ्या जागी तुटतात. टंक अंतर्भूत करून पीडीएफ केल्यास मांडणी पक्की राहते. दोन्ही बाजूंची छपाई व रंग मात्र तेथील प्रिंटरवरच निवडावे लागतात.