धारचे यंत्रविधान आणि देवासची वखार



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात लाकूडवखारीतील यंत्राविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. माळव्याचे नाव निघाले की आपण धार व देवासच्या पवार घराण्यांकडे वळतो. देवासची थोरली पाती, धाकटी पाती, त्यांच्या वाटण्या यांत रमतो. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तिथवरचा दरबारी इतिहास आपण पुष्कळ लिहिला. कारागिराच्या हातांचा इतिहास मात्र फारसा लिहिला नाही, आणि या अपराधात मीही सामील आहे.

अकराव्या शतकात धारला परमार भोजाचे राज्य होते. त्याच्या नावावरील ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादिला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो १९२४-२५ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे. त्यात जलयंत्रे आहेत आणि पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षीही आहे. (पक्ष्यावर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही.) यंत्राचे गुणही तेथे सांगितले आहेत : यंत्राने आवाज करू नये, ते दीर्घकाळ टिकावे, त्यात शैथिल्य नसावे, तशीच गाढताही नसावी. घडण मात्र सांगितलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी वगळली, असा ग्रंथकाराचा खुलासा आहे.

हा भाग मी वर्गात अनेकदा सांगितला. तो मला उमगला देवासला, एका जुन्या विद्यार्थ्याच्या वखारीत.

कारखान्यांच्या बॉयलरसाठी लाकूड बारीक करणारे त्याचे यंत्र दुपार झाली की अडे. ओंडका आत ओढणारे रूळ हायड्रॉलिक मोटरवर फिरत. या मोटरीत दाबाखालचे तेल दोन दातेरी चाकांना फिरवते. दात आणि कवच यांतील फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची असते. झीज झाली की तेल चाके फिरवण्याऐवजी फटीतून निसटते. सकाळी तेल थंड व दाट असते, तेव्हा काम चालते. तापून पातळ झाले की ताकद जाते. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्यालाही दट्ट्याभोवतीच्या गळतीनेच छळले होते.

मोटर वर्षात दुसऱ्यांदा बदलायची होती. कर्जाचा हप्ता थकला होता आणि मालक पहिल्या मोटरीला शिव्या देत होता. मिस्त्री धारकडचा, वयस्कर. त्याने यंत्र बंद करून दाब पूर्ण उतरू दिला, मगच नळ्या सोडल्या. दाबाचे तेल कातडीत सुईसारखे शिरते, असे त्याने पोराला बजावले. आस हलवून म्हणाला, “इसमें प्ले आ गया है.” मला भोजाचे ‘शैथिल्य’ आठवले. मराठी कोशात तो ‘प्ले’ नाही. कोशाच्या कामात आम्ही मिस्त्र्यांना कधी विचारलेच नव्हते.

नवी मोटर त्याने लगेच बसवली नाही. आधी टाकी उपसली. तळाशी धातूची चकाकती भुकटी आणि लाकडाचा भुसा. टाकीच्या श्वासनळीचे झाकण हरवले होते, तेथे कोणीतरी चिंधी कोंबली होती. पहिल्या खेपेस मोटर बदलली गेली, तेल तेच राहिले! त्याने टाकी धुतली, नळ्या साफ केल्या, गाळणी व तेल बदलले, झाकण बसवले. नव्या मोटरीचा आकार, आस व फिरण्याची दिशा जुनीशी ताडून पाहिली, ती आतून स्वच्छ तेलाने भरली आणि मगच जोडली. थोडा वेळ रूळ रिकामेच फिरवले.

“हे सगळे लिहून घेऊ का?” मी विचारले. धारच्या त्या ग्रंथकाराने जे झाकले, ते या माणसाने तासभर हातातल्या पान्यासह उलगडून सांगितले होते. तो हसला. “लिखो साहब. पर पहले ढक्कन का लिखना.”

दुपारी अडीचला ओंडका आत गेला. मालक बराच वेळ रुळांकडेच पाहत उभा होता.