आरोग्यविम्याचे चार दरवाजे

एखाद्या देशाचा कायदा नीट समजून घ्यावयाचा असेल, तर तो कोणत्या तत्त्वावर उभारला आहे एवढे विचारून भागत नाही. तो कोणत्या जुन्या भिंतींना टेकून उभा आहे, हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१० साली जी आरोग्यसुधारणा झाली, तिला हे पुरेपूर लागू पडते. त्या देशातील माणसाला आजारपणाचा विमा कसा मिळतो, ह्या साध्या प्रश्नाला एक उत्तर नाही, चार आहेत. आणि ती चारही इतिहासाने ठरविली आहेत.

पहिला दरवाजा नोकरीचा. १९२९ साली टेक्सासमधील डॅलस शहरी बेलर रुग्णालयाने शाळाशिक्षकांशी एक करार केला. शिक्षकाने दरमहा ५० सेंट द्यावेत आणि रुग्णालयाने वर्षातून २१ दिवसांपर्यंत त्याची शुश्रूषा करावी, असा तो सौदा. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने वेतनवाढीवर बंधन घातले. कारखानदारांना माणसे तर हवी होती, परंतु पगार वाढविता येईना. विमा हा ह्या बंधनातून वगळलेला असल्याने त्यांनी विमा देऊ केला. मालक भरतो त्या हप्त्यावर कामगाराला प्राप्तिकर नाही, हे १९५४ च्या करकायद्याने पक्के केले. युद्धकाळातील एक सोय अशा रीतीने समाजाची कायमची व्यवस्था होऊन बसली.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी १९४५ साली सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी केली होती. डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेच्या विरोधापुढे ती टिकली नाही. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी मुद्दाम ट्रूमन ह्यांच्या गावी जाऊन एका कायद्यावर सही केली आणि आणखी दोन दरवाजे उघडले. पासष्टीच्या पुढील वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड. पैकी मेडिकेअर सर्वस्वी केंद्राचे. मेडिकेडचा खर्च मात्र केंद्र आणि घटक राज्य ह्यांनी वाटून घ्यावयाचा, आणि कारभार राज्याने पाहावयाचा. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे सारी ठेच तेथेच लागली.

ह्या तीन दरवाजांच्या बाहेर कोण राहिले? लहान दुकानात राबणारा, स्वतःचा धंदा करणारा, नोकरी गमावलेला. त्याने स्वतःच्या पैशाने विमा घ्यावा म्हटले, तर कंपनी आधी प्रकृतीची चौकशी करी. मधुमेह असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर बहुतेक राज्यांत नकार देण्याची तिला मुभा होती. ज्याला विम्याची गरज अधिक, त्यालाच तो मिळण्याची आशा कमी, असा हा उफराटा न्याय होता.

२३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या सहीने झालेला कायदा हा अन्याय दूर करण्यासाठी होता. कोणालाही आजाराच्या कारणावरून नाकारू नये, आणि आजारी म्हणून अधिक हप्ताही घेऊ नये, असे त्याने सांगितले. परंतु एवढ्यावर थांबले असते, तर लोकांनी तहान लागल्यावर विहीर खणली असती. धडधाकट असताना हप्ता भरण्याची गरजच कोणाला वाटली नसती. म्हणून विमा न घेणारास दंड ठेवला, आणि ज्याला हप्ता झेपत नाही त्यास सरकारी साहाय्य दिले. तीन पायांच्या तिवईसारखी ही रचना होती.

ह्यातून चौथा दरवाजा निघाला, तो विम्याच्या सरकारी बाजारपेठेचा. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तो उघडला आणि पहिल्याच दिवशी संगणकयंत्रणा कोलमडली. तरी पहिल्या हंगामात सुमारे ८० लाख लोकांनी नावे नोंदविली. येथे कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा प्रतींचे विमे मिळतात. कांस्य विमा सरासरीने खर्चाचे ६० टक्के उचलतो, प्लॅटिनम ९० टक्के. उत्पन्नाच्या मानाने मिळणारे साहाय्य सरकार परस्पर कंपनीला देते. मात्र नोंदणी वर्षातील ठरावीक मुदतीतच होते. नोकरी गेली, विवाह झाला, मूल जन्मले, तर बहुधा ६० दिवसांची खास सवलत असते. जुने दरवाजेही रुंदावले. मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईबापांच्या विम्यात राहता येऊ लागले, आणि ५० किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असणाऱ्या मालकाने विमा द्यावा, नाहीतर दंड सोसावा, असे ठरले.

मेडिकेडची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत वाढवावयाची होती. परंतु २०१२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाची तरतूद वैध ठरवीत असतानाच राज्यांवर ही वाढ लादता येणार नाही, असा निर्णय दिला. बाजारपेठेतील साहाय्य तर दारिद्र्यरेषेच्या वरच सुरू होते, कारण खालचे सारे मेडिकेडमध्ये जातील असे कायदा करणारांनी गृहीत धरले होते. परिणाम पाहा. साबीन नदीच्या पूर्वेस लुइझियाना, पश्चिमेस टेक्सास. लुइझियानाने २०१६ साली मेडिकेड वाढविले, टेक्सासने वाढविले नाही. दोन्ही तीरांवर सारख्याच गरिबीत राहणारी, मूलबाळ नसलेली दोन माणसे घ्या. एकाला विमा मिळतो. दुसरा मेडिकेडच्या नियमांत बसत नाही, आणि साहाय्य मिळण्याइतका श्रीमंतही ठरत नाही.

तथापि कायद्याचे यश नाकारता येत नाही. २०१० मध्ये विमा नसलेले सुमारे ४ कोटी ८० लाख लोक होते. २०१६ पर्यंत ती संख्या ३ कोटींच्या आत आली. २०१७ च्या जुलैत कायदा मोडण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. २०१९ पासून दंड शून्यावर आला, म्हणजे तिवईचा एक पाय काढला गेला. तरी ती कोसळली नाही, कारण साहाय्याचा पाय भक्कम होता. २०२१ मध्ये हे साहाय्य आणखी वाढविले. पण ती वाढ २०२५ अखेरपर्यंतचीच होती. आणि २०२५ च्या जुलैतील कायद्याने, विस्तारित मेडिकेड घेणाऱ्या बहुतेक प्रौढांवर महिन्याला ८० तास कामाची अट घातली. तिचा अंमल २०२७ च्या आरंभापर्यंत सर्वत्र व्हावयाचा असे ठरले.

हा इतिहास आपणांस अगदीच परका नाही. प्रा. बी. पी. आडारकर ह्यांनी १९४४ साली आपल्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. तोही नोकरीच्याच दारातून आत नेणारा. आजारपण काही नोकरी, वय, उत्पन्न आणि नदीचा काठ पाहून येत नाही. विमा मात्र हे सारे पाहून येतो. तो माणसाला द्यावयाचा की त्याच्या परिस्थितीला, हे जोवर ठरत नाही, तोवर दरवाजे कितीही वाढविले तरी कोणी ना कोणी उंबऱ्याबाहेर राहणारच.