म्हैसूरचे विद्यापीठ आणि वारावर जेवणारे विद्यार्थी

चामराजपुरम ही म्हैसूर शहरातली जुनी वस्ती. म्हैसूर जंक्शनहून नंजनगुडकडे निघालेल्या गाडीचे पहिले स्थानक इथलेच. महाराजा कॉलेज, युवराजा कॉलेज आणि म्हैसूर विद्यापीठाचा क्रॉफर्ड हॉल ही सारी याच भागात, पायी फिरण्याच्या अंतरावर आहेत. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुढे कुठे शिकावे, हा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. मात्र त्याचे उत्तर बहुधा मुलाच्या आवडीवर नव्हे, तर फी कोण भरणार आणि जेवण कुठे मिळणार यावर ठरत असे.

१९१६ पूर्वी विद्यापीठ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. महाराजा कॉलेजचे मूळ १८३३ मध्ये निघालेल्या राजाच्या मोफत शाळेत आहे. पुढे तिचे कॉलेज झाले, पण ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले. शाळा-कॉलेजांचा खर्च संस्थानाचा, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी मात्र मद्रासची, अशी ही व्यवस्था होती.

जे विषय संस्थानात शिकवले जात नसत, त्यांच्यासाठी बाहेर जावे लागे आणि तिथे सरकारी शिष्यवृत्तीला महत्त्व येई. याचे सर्वांत ठळक उदाहरण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. वडील लवकर वारले, बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले आणि १८८१ मध्ये बी. ए. झाले. त्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकायला आले. १८८३ च्या परीक्षेत पहिले आले, लगेच मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नाशिकला नेमले गेले. म्हैसूरच्या पैशाने घडलेला अभियंता पुढचे पाव शतक मुंबई इलाख्याच्या कामी आला. संस्थानाला त्याचा मोबदला मिळाला तो नंतर: १९०९ मध्ये मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण म्हणून. 

दिवाण झाल्यावर विश्वेश्वरय्यांनी स्वतंत्र विद्यापीठाचा आग्रह धरला. चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत २७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले. ब्रिटिश मुलखाबाहेर, संस्थानात निघालेले हे देशातले पहिले विद्यापीठ; एच. व्ही. नंजुंडय्या पहिले कुलगुरू. आरंभी त्यात म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बंगळूरचे सेंट्रल कॉलेज अशी दोनच कॉलेजे होती. पदवीसाठी आता मद्रासकडे बघावे लागेना.

पण दार उघडले म्हणून सगळे आत आले असे नाही. खेड्यातून आलेल्या गरीब मुलाची, विशेषतः ब्राह्मण मुलाची, सोय वारान्नावर होई: आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचे. पुण्यात वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्या पिढीला ही रीत ओळखीचीच वाटेल. या रीतीची मर्यादा उघड आहे. ती जातीच्या ओळखीवर चाले, त्यामुळे ज्यांच्या ओळखीची घरे शहरात नव्हती त्यांना तिचा उपयोग नव्हता. इतरांना वसतिगृहे, मठ आणि आश्रम यांचाच आधार. मलनाडमधून आलेले कवी कुवेंपु महाराजा कॉलेजात शिकताना म्हैसूरच्या रामकृष्ण आश्रमात राहिले. १९५६ मध्ये तेच या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहे काढली, ती याच अडचणीवर. म्हैसुरात १९१८ मध्ये नेमलेल्या लेस्ली मिलर समितीपुढे मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा आणि उच्च शिक्षणात सवलती देण्याचा प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांना नोकऱ्यांतील राखीव जागा मान्य नव्हत्या आणि त्याच वर्षी ते पदावरून दूर झाले. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या माणसाला वाट सर्वांसाठी सारखी नाही हे पुरेसे दिसले नाही, असे म्हणणे भाग आहे.

विद्यापीठ झाल्यावरही मुंबईची ओढ संपली नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास म्हैसूरची पदवी घेऊन मुंबईला गेले ते गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकण्यासाठी. विद्यापीठापेक्षा गुरू पाहून केलेली ही निवड होती. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला. ते महाराजा कॉलेजातून बी. ए. झाले आणि मग मुंबईतच नाव कमावले.

आज अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेवर होतात आणि शिष्यवृत्तीचे अर्ज राज्याच्या व केंद्राच्या पोर्टलवर भरले जातात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी कर्नाटक सरकारची ‘विद्यासिरी’ योजना आहे. तिच्यात जेवण आणि राहण्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम, वर्षातले दहा महिने मिळते.