वरोरा : कोळसा संपल्यानंतरचे गाव

दिल्लीहून चेन्नईकडे जाणारी गाडी सेवाग्राम सोडले की हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर करीत बल्लारशाला पोहोचते. खिडकीतल्या प्रवाशाला ठाऊक नसते, की वरोऱ्यापर्यंत हे रूळ आले ते मुख्यतः कोळशासाठी. या मार्गाचे पहिले नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' होते.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. इंजिनाला कोळसा हवा; तो बंगालहून किंवा विलायतेहून आणणे महागाचे. तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या वरोऱ्याला १८७० च्या दशकात सरकारने खाण चालवली आणि वर्ध्याहून फाटा टाकला. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा वऱ्हाडचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा दोन्ही जवळ होते.

हा कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्यांना भूशास्त्रज्ञ 'गोंडवाना' म्हणतात. इथल्या गोंडांचे नाव असे जगभरच्या पुस्तकांत गेले. किती टन कोळसा निघाला, हेही सरकारी दप्तरात आहे. पण दिवा घेऊन अंधारात उतरलेल्या मजुरांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत.

१९०६ मध्ये खाण बंद झाली. जेमतेम पस्तीस वर्षांचा तो संसार! काम बल्लारपूरकडे सरकले, मागोमाग रूळही गेले. १९२९ मध्ये काझीपेठचा मार्ग जोडला गेला आणि कोळशाचा फाटा दिल्ली-मद्रासचा राजमार्ग झाला.

मग वरोऱ्याला उरले काय? १९५१ मध्ये गावाबाहेरच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आले. सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. झडलेल्या बोटांनी त्या माणसांनी विहीर खोदली. खाणवाल्यांनी याच मातीतून आग काढून नेली होती. यांनी पाणी काढले आणि ते इथेच ठेवले. आज वरोरा म्हटले की लोक आनंदवन म्हणतात, खाण म्हणत नाहीत.

वर्धा खोऱ्यात आजही कोळसा निघतो आहे. माजरी, घुग्घुस, वणीकडच्या खाणींवर हजारो चुली पेटतात. त्या पेटत्या राहोत. पण कोळसा एकदाच निघतो. तो संपेल त्या दिवशी गावाच्या हाती काय असेल, हे आजच ठरवायला हवे. वरोऱ्याला उत्तर सापडायला पंचेचाळीस वर्षे लागली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)