सनद, तगाई, अनुशेष : पाटोद्याच्या पाण्यास मिळालेल्या सरकारी द्रव्यसाहाय्याचा शब्देतिहास

१

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटाच्या माथ्यावर वसलेला आहे. मांजरा, सिंदफणा, बिंदुसरा आणि विंचरणा या चार नद्या याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावतात. पहिल्या तिघींचे पाणी शेवटी गोदावरीस मिळते. विंचरणा मात्र सौताड्याच्या कड्यावरून खाली कोसळून जामखेडच्या बाजूस वळते आणि सीना व भीमा यांच्या द्वारे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. एकाच तालुक्यातील पाऊस असा दोन महानद्यांत वाटला जातो. इतक्या नद्यांचे माहेर असलेल्या या भागात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट बाहेरच्यास विसंगत वाटेल. तेथील रहिवाशास ती नित्याची आहे.

या स्थितीची भौगोलिक कारणे सर्वश्रुत आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रदेश, काळ्या पाषाणाचा पाणी धरून न ठेवणारा थर आणि उगमाजवळची तीव्र उतरण ही ती कारणे होत. त्यांची पुनरुक्ती करण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. पाण्याच्या कामास सरकारी पैसा द्यावा की न द्यावा, द्यावयाचा तर कोणत्या नावाने व कोणत्या अटीवर द्यावा, हे ठरविणारा कोणीतरी परीक्षक प्रत्येक राजवटीत असतो. तो कधी जहागीरदाराचा कारभारी असतो, कधी तहसिलीतील अव्वल कारकून, कधी मंत्रालयातील अर्थतज्ज्ञ. त्याच्या हाती एक माप असते आणि त्या मापास एक शब्द असतो. हे शब्द कालानुक्रमे लावून पाहिले असता पाटोद्याच्या वाट्यास पाणी का आले नाही याचे आणखी एक कारण दृष्टोत्पत्तीस येते. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असल्यामुळे विवेचनाची दिशा शब्दाकडून व्यवहाराकडे अशी राहील, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

२

मध्ययुगीन व्यवहारातील दोन शब्द प्रथम घेऊ : इनाम आणि सनद. दोन्ही अरबी आहेत. 'इनाम' म्हणजे कृपा, बक्षीस. 'सनद' या शब्दाचा मूळ अर्थ आधार, टेकू. ज्याच्या आधारे हक्क सांगावयाचा तो कागद म्हणजे सनद. दक्षिणेत तलाव बांधणाऱ्यास वा दुरुस्त करणाऱ्यास जमीन किंवा साऱ्यातील सूट देण्याची रीत होती. तेलुगू प्रदेशात तिला 'दशबंधम्' म्हणत, आणि त्या नावातच दहाव्या हिश्शाचा उल्लेख आहे. या रीतीचे मर्म असे की, काम आधी आणि मोबदला मागून. पाणी दिसल्यावाचून इनाम चालत नसे. परीक्षेचे साधन कागद नसून प्रत्यक्ष भिजलेली जमीन हे होते.

या युगातील बीड परिसराचे सर्वांत प्रसिद्ध जलकार्य म्हणजे बीड शहराजवळील खजाना बावडी. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या कारकीर्दीत, १५८२ च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर या स्थपतीने तिची रचना केली असे सांगतात. भूमिगत मार्गांनी पाणी विहिरीत येते आणि तसेच ते शेतांकडे निघून जाते; दुष्काळातही तिची पातळी फारशी उतरत नाही, अशी तिची ख्याती आहे. तिच्या नावाविषयी एक आख्यायिका रूढ आहे. जहागिरीचा सारा खजिना या विहिरीवर खर्ची पडला, आणि वसुलाचा जाब विचारला गेला तेव्हा खजिना विहिरीत आहे असे उत्तर मिळाले. आख्यायिका इतिहास नव्हे, हे खरे; परंतु आख्यायिकेतून लोकांची समजूत व्यक्त होते. सरकारी पैशाचा हिशेब पाण्याच्या रूपाने देता येतो, ही ती समजूत होय. आजच्या कार्यालयीन भाषेत ज्यास उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात, ते येथे विहिरीच्या तळाशी आहे.

३

तिसरा शब्द 'तगाई'. हाही अरबी असून 'तकावी', म्हणजे बळ देणे, हे त्याचे मूळ रूप. 'कुव्वत' हा शब्दही त्याच धातूचा. हिंदीत 'तकावी' हे रूप राहिले. मराठीने त्याचे 'तगाई' केले. मराठीतील 'तगणे' या क्रियापदाशी त्याचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तथापि ज्याच्यावर शेतकरी दुष्काळात तगतो ती तगाई, असा अर्थबोध मराठी कानास सहज होतो, आणि शब्द रुळण्यास असे ध्वनिसाम्य साहाय्यभूत होते.

तगाई हे कर्ज होय. तिला तारण लागते. ब्रिटिश मुलखात १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा यांनी तिला निश्चित स्वरूप दिले. विहीर खणावयाची तर अर्ज करावा, जमीन तारण ठेवावी आणि हप्त्यांनी फेड करावी. इनाम काम पाहून मिळे, तगाई कुळाची ऐपत पाहून मिळू लागली. ज्याच्याजवळ तारणायोग्य जमीन नाही त्यास पाण्यासाठी सरकारचे साहाय्य नाही, हा याचा अपरिहार्य परिणाम.

मोठ्या कामांना याच सुमारास दोन विशेषणे लागली : उत्पादक आणि संरक्षक. जे काम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांत भांडवलावरील व्याज भरून काढील ते उत्पादक; त्यासाठी कर्ज काढण्यास अनुमती असे. १८७६–७८ च्या महादुष्काळानंतर मात्र या मापाचा फोलपणा कळून आला, आणि व्याज न फिटणारी परंतु दुष्काळ टाळणारी कामे संरक्षक म्हणून दुष्काळ विम्याच्या वार्षिक दीड कोटी रुपयांच्या तरतुदीतून करण्याची वाट मोकळी झाली. नगर जिल्ह्यातील प्रवरा कालवे व १९२६ मध्ये पुरे झालेले भंडारदरा धरण ही या धोरणाच्या परंपरेतील कामे होत.

पाटोदा मात्र सरहद्दीच्या अलीकडे, निजामाच्या राज्यात होता. तेथे १८६५ मध्ये सर सालारजंगाने जिल्हाबंदी केली, आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. दरखास्त, मंजुरी, तहसील हे शब्द मराठवाड्याच्या बोलीत आजही घट्ट रुतून बसलेले आहेत. मराठी शेतकऱ्याची पाण्याची मागणी उर्दू दरखास्तीतून वर जाई. मागणारा आणि तपासणारा यांच्यामध्ये भाषेची एक जादा पायरी होती, आणि प्रत्येक पायरीवर अर्ज लिहून देणाऱ्याची गरज लागे.

हैदराबाद संस्थानाने मोठी जलकार्ये केली नाहीत असे मात्र नव्हे. १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर बांधला गेला, आणि सुमारे पावणेतीन लाख एकर जमीन भिजविण्याची त्याची योजना होती. हे धरण ज्या नदीवर आहे ती मांजरा होय. पाटोद्याच्या डोंगरात निघालेल्या नदीवर तेलंगणात धरण झाले. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. उगमाशी ओढ्याएवढी असलेली नदी खाली मोठी होते, तेथे सखल जमीन विपुल असते, आणि एकरी खर्च कमी येतो. कोणत्याही हिशेबनिसाने हेच केले असते. म्हणूनच त्या हिशेबाचे स्वरूप तपासणे अगत्याचे आहे.

४

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तत्पूर्वी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे व मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरविण्याचे आश्वासन होते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य व भाषा संचालनालय यांची स्थापना झाली, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कारभाराची भाषा ठरली. दरखास्तीची जागा 'प्रस्तावा'ने घेतली, मंजुरीचे 'प्रशासकीय मान्यता' व 'तांत्रिक मान्यता' असे दोन भाग झाले, आणि सरकारी द्रव्यास 'अनुदान' हे संस्कृत नाव स्थिरावले. पाटोद्याच्या शेतकऱ्यास आता स्वभाषेत अर्ज करता येऊ लागला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु नवी कार्यालयीन मराठी त्याच्या बोलीपासून उर्दूइतकी नसली तरी बरीच दूर होती, आणि अर्ज लिहून देणाऱ्याचा व्यवसाय काही बंद पडला नाही.

याच काळात शब्दाच्या इतिहासातील एक विलक्षण घटना घडली. १९६३ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळला व त्याऐवजी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते व वेळीच उपाय योजले जातात, सबब दुष्काळास वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. लोकांनी त्या वर्षास टंचाई म्हटले नाही. 'बहात्तरचा दुष्काळ' हेच नाव त्यांच्या तोंडी राहिले.

पाटोद्यासारख्या तालुक्यांतील पाझर तलाव, नालाबांध व बांधबंदिस्ती यांना चालना मिळाली ती मुख्यतः या दुष्काळी कामांतून व पुढे रोजगार हमी योजनेतून. त्या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. मजुरीवरील खर्च निदान ६० टक्के असावा, हे तिचे माप. लाखो माणसांचे प्राण या मापाने वाचले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु ते माप मजुरीचे होते, पाण्याचे नव्हते. तलावाखालच्या विहिरींना किती पाणी वाढले, हा प्रश्न प्रस्तावात दुय्यम राहिला. इनामाच्या काळी प्रथम विचारला जाणारा प्रश्न येथे शेवटी गेला.

५

मोठ्या प्रकल्पांचे माप याच दशकात बदलले, आणि त्या बदलाचा उगम पाटोद्याच्या शेजारी आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी तिजोरीस मिळणारी पाणीपट्टी म्हणजे कालव्याचा संपूर्ण लाभ नव्हे. शेतमाल, मजुरी, बाजारपेठ यांतील वाढही मोजली पाहिजे, हा त्यातील विचार. १९६४ पासून नियोजन मंडळाने व्याजाच्या कसोटीऐवजी लाभ-व्यय गुणोत्तर स्वीकारले, त्यामागेही गाडगीळांचीच शिफारस होती. पुढे दुष्काळी भागांसाठी ही कसोटी शिथिल करण्यात आली : एरवी दीड, तर तेथे एक एवढे गुणोत्तर पुरेसे मानले गेले.

ही प्रगती निःसंशय मोठी होती. तरीही लाभ मोजावयाचा तो लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाच्या खाली. उगमाकडील गाव लाभ-व्ययाच्या कोष्टकात यावयाचे ते प्रायः पाणलोट क्षेत्र म्हणून. सिंदफणेवर माजलगाव येथे धरण झाले, मांजरेवर केज तालुक्यात धनेगाव येथे. पाटोद्याची माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस कालव्यांच्या मुलखात जातात. त्यांनी तोडलेला ऊस त्या कालव्यांच्या लाभात मोजला जातो, त्यांच्या मागे बंद राहिलेली घरे कोणत्याही रकान्यात येत नाहीत.

'अनुशेष' हा शब्द या अन्यायाच्या मोजमापासाठीच प्रचारात आला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरविला. त्यातील मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी होता. निरनिराळ्या पिकांचे सिंचन तुलनीय व्हावे म्हणून ते रब्बीच्या एकाच परिमाणात रूपांतरित करण्याची समितीची पद्धत चिकित्सक होती. मात्र तुलनेचा घटक तिने जिल्हा हा धरला. जायकवाडीचा उजवा कालवा व माजलगाव प्रकल्प यांनी गेवराई-माजलगावची जमीन भिजली की बीड जिल्ह्याची सरासरी चढते, आणि माथ्यावरचा पाटोदा त्या सरासरीत लुप्त होतो. घटक निवडताना परीक्षकाने कोणताही अपहार केलेला नसतो. तरी कोणास पाणी मिळणार नाही, हे त्या निवडीने ठरून जाते.

६

अलीकडील काळातील दोन घटनांचा उल्लेख करून हे विवेचन आटोपते घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. उगमाच्या माथ्यावर पाणी अडविणे हे खालच्या शहराच्याही हिताचे आहे, हे त्यावेळी स्पष्ट व्हावयास हवे होते. त्याच वर्षी मे महिन्यात, न्यायालयीन वादानंतर, 'दुष्काळसदृश परिस्थिती' या सरकारी शब्दप्रयोगाऐवजी 'दुष्काळ' असे वाचण्याचे शासनाने मान्य केले. तोवर 'सदृश' हा एक प्रत्ययवत् शब्द हजारो गावे आणि दुष्काळी साहाय्य यांच्यामध्ये उभा होता.

दुसरी घटना १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनची. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने, खर्च केंद्र व राज्य यांचा निम्मा-निम्मा, आणि गावातील बांधकामाच्या खर्चात साधारणतः १० टक्के लोकवर्गणी, ही तिची मापे. माणूस हा घटक धरणारे माप, हे तिचे वैशिष्ट्य. परंतु नळ मोजणे सोपे आणि उन्हाळ्यातील झरा मोजणे अवघड. उद्भवात पाणी नसता नळजोडणीची संख्या पूर्ण भरू शकते. परीक्षकाने प्रस्तावातील उद्भवाचा रकाना किती काळजीने वाचावा, हे यावरून समजते.

इनाम, तगाई, संरक्षक काम, टंचाई, लाभ-व्यय, अनुशेष, अनुदान या मालिकेतील प्रत्येक शब्दाने आधीच्या शब्दाची एक उणीव भरून काढली, आणि प्रत्येकाने नवी एक गोष्ट दृष्टिआड केली. आपल्या विभागातील जे विद्यार्थी पुढे शासकीय सेवेत जातील, त्यांच्यापैकी काहींच्या मेजावर असे प्रस्ताव येतील. त्यांनी आकडे तपासावेतच. परंतु त्याआधी रकान्याचे शीर्षक वाचावे आणि ते कोणत्या गावास बाहेर ठेवते, हे स्वतःस विचारावे. पाटोद्यापुरते बोलावयाचे तर तालुका, आणि त्याहीपेक्षा पाणलोट, हा घटक धरून गेल्या साठ वर्षांतील पाझर तलावांची पुन्हा मोजणी होणे अवश्य आहे. ती मोजणी मजुरीच्या दिवसांत वा बांधाच्या घनमीटरांत नव्हे, तर तलावाखालच्या विहिरीत वैशाखात उरलेल्या हातभर पाण्यात व्हावी.