चिरंजीवी योजना
गरीब गर्भवतींना खासगी रुग्णालयात विनामूल्य व सुरक्षित प्रसूतिसेवा मिळावी, यासाठी गुजरात सरकारने राबविलेली सार्वजनिक-खासगी भागीदारीची योजना. ग्रामीण सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञांची मोठी उणीव होती. बहुतेक तज्ज्ञ खासगी व्यवसायात होते. म्हणून डिसेंबर २००५ मध्ये बनासकांठा, दाहोद, कच्छ, पंचमहाल व साबरकांठा या पाच मागास जिल्ह्यांत योजना सुरू झाली आणि २००७ मध्ये राज्यभर विस्तारली.

दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांची प्रसूती करारबद्ध डॉक्टर करीत. दर १०० प्रसूतींमागे त्यांना प्रारंभी १,७९,५०० रुपये मिळत. नैसर्गिक प्रसूती असो वा सिझेरियन, दर एकच असल्याने अनावश्यक शस्त्रक्रियेचे प्रलोभन राहत नसे. प्रवासखर्चापोटी प्रसूत स्त्रीला २०० व सोबतच्या व्यक्तीला ५० रुपये दिले जात.

आरंभी योजनेचा मोठा गौरव झाला. तथापि, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मूल्यमापनात रुग्णालयीन प्रसूतींच्या प्रमाणात योजनेमुळे लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले नाही. करार आवश्यक असला, तरी दुर्गम पाड्यावरील मातेपर्यंत सेवा पोहोचते का, हीच अशा भागीदारीची खरी कसोटी होय.