नैराश्यावरचे औषध निवडताना दुष्परिणामांचा विचार कसा करावा?

नैराश्यावर अनेक औषधे उपलब्ध आहेत. त्यांतील बहुतेकांचा गुण साधारण सारखाच असतो, मोठा फरक असतो तो दुष्परिणामांत. म्हणूनच तुमची झोप, भूक, वजन, कामाच्या वेळा आणि इतर आजार यांची माहिती डॉक्टरांना द्या. औषधाची निवड बरीचशी त्यावर ठरते.

कोणत्या औषधाने काय त्रास होऊ शकतो?

• एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन: सुरुवात बहुधा यांनीच होते. मळमळ, डोकेदुखी, जुलाब हे त्रास सहसा एक-दोन आठवड्यांत कमी होतात. लैंगिक इच्छा कमी होण्यासारखे त्रास मात्र टिकू शकतात.
• मिर्टाझापीन: झोप येते, भूक आणि वजन वाढते. झोप उडालेल्या, वजन घटलेल्या रुग्णाला हेच उपयोगी पडते. लठ्ठपणा किंवा मधुमेह असल्यास अडचणीचे ठरू शकते.
• ब्युप्रोपिऑन: वजनवाढ आणि लैंगिक त्रास कमी. फिट येण्याचा आजार असल्यास देत नाहीत.
• व्हेन्लाफॅक्सीन: रक्तदाब वाढू शकतो, तो तपासत राहावा लागतो.
• अमिट्रिप्टिलीन: जुने औषध. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, लघवी अडकणे असे त्रास होतात. हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास आधी सांगा.

डॉक्टरांपासून हे लपवू नका

गर्भधारणा, स्तनपान, मद्यपान, पूर्वी कधी अतिउत्साहाचा झटका आला असल्यास तो, आणि सुरू असलेली सर्व औषधे. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्यांसोबत काही औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम कमी होऊ शकते. लैंगिक तक्रार सांगायला संकोच वाटतो, पण ती सांगितली तर डोस किंवा औषध बदलता येते.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका

गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. दुष्परिणाम मात्र आधी जाणवतात, म्हणून बरेच जण याच काळात औषध सोडतात. अचानक बंद केल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचा असतो.

घरच्यांनी काय पाहावे?

पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः २५ वर्षांखालील रुग्णात, बेचैनी वाढली किंवा आत्महत्येचे विचार बोलून दाखवले, तर रुग्णाला एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास मदत मिळते.